मैना ओ. डी.

जमुनाबाईंना काहीही विचारा, उत्तर मिळतं. विचारलेल्याच प्रश्नाचं मिळेल याची मात्र खात्री नाही.

आमच्या शाळेला गेल्या वर्षी पंचाहत्तर वर्षं झाली आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे चौतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, अक्षर बरं आहे आणि नाही म्हणता येत नाही. समितीला एवढी पात्रता पुरली. स्मरणिकेत शाळेचा आरंभ लिहायचा होता, आणि तो आरंभ डोळ्यांनी पाहिलेलं माणूस म्हणजे फ्रेजरपुऱ्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या, एक्याऐंशी वर्षांच्या जमुनाबाई. मी वही-पेन घेऊन गेले.

"जमुनाबाई, फ्रान्सच्या सिस्टर अमरावतीत कोणत्या महिन्यात आल्या, आठवतं?"

"आठवते ना. मायनं आंब्याचं लोणचं घातलं होतं."

"म्हणजे जून?"

"लोणचं काय जूनमंदीच घालते का कोणी? तुमी कवा घालता?"

"मी विकत आणते."

"मंग तुमाले काय सांगू, बाई."

असं तीन दुपारी चाललं. पहिल्या दुपारी माझ्या वहीत दोन ओळी आल्या. दुसऱ्या दुपारी त्यांनी मला त्यांच्या शेजारणीच्या गुडघ्यांची हकीकत सांगितली. तिसऱ्या दुपारी मी रागावून वही मिटली, तेव्हा त्या एकदम कामाचं बोलल्या, आणि तेही मी निघताना, दारात.

"ल्याहा, का पयली पोरगी मी होती. बाकीचं मंग ल्याहा."

हे वाक्य शाळेत कुणी ऐकलेलं नाही असं नाही. शाळेच्या वसतिगृहात जमुनाबाईंनी चव्वेचाळीस वर्षं काढली. मुलींच्या वेण्या, ताप, भांडणं, चोरून आणलेली चिंच, सगळं त्यांच्याच हाताखालून गेलं. रुसलेल्या मुलीला त्या हमखास म्हणायच्या, "मी या शाळेतली पयली पोरगी. मले काय सांगतं तू?" आम्ही शिक्षिका हसायचो. मोठं माणूस लहान मुलीला दटावताना थोडं वाढवून बोलतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता जे कळलं ते नीट क्रमानं सांगते, कारण जमुनाबाईंनी ते मला एकदाही क्रमानं सांगितलं नाही.

तीन सिस्टर १९५० साली बडनेऱ्याला रेल्वेतून उतरल्या आणि टांग्यानं अमरावतीत आल्या. त्यांच्या धर्मसंघानं आधी मादागास्करात आणि सिलोनात मुलींच्या शाळा काढल्या होत्या. सगळीकडे पद्धत एकच. आधी भाषा शिकायची, मग घर भाड्यानं घ्यायचं, दारोदार फिरायचं आणि ज्या येतील त्यांना घेऊन शाळा सुरू करायची. तिघींपैकी मराठी शिकलेल्या एकच, सिस्टर बेर्नादेत. वय एकोणतीस. मुंबईत एका शास्त्रीबुवांकडे त्या वर्षभर मराठी शिकल्या होत्या. कॅम्पमधला जो बंगला मिळाला त्याची कुंपणाची भिंत पडलेली. ती बांधायला आलेल्या श्रावण तायडे या गवंड्याची सहा वर्षांची मुलगी वाळूच्या ढिगावर बसून असायची. तीच जमुना.

शाळेच्या रौप्यमहोत्सवी अंकात लिहिलंय की सिस्टर बेर्नादेत यांच्या मधुर मराठी वाणीनं पालक प्रभावित झाले आणि त्यांनी आपल्या मुली शाळेत पाठवल्या. मी हे जमुनाबाईंना वाचून दाखवलं.

"मधुर कायची! एक अक्षर समजत नोतं कोणाले."

"का?"

"शास्त्र्याची मराठी. दारात उभी राहून म्हने, आपल्या कन्येस विद्यालयी पाठविण्याची कृपा व्हावी. बाया पाहत राहत तोंडाकडे. एक तं भीक घालाले पीठ घेऊन आली."

"मग?"

"मंग काय, मी होती ना संगं. मी म्हनो, मावशी, सिस्टर म्हनते पोरीले शाळेत धाडा. मारत नाई. दुपारी खिचडी देते."

"खिचडी द्यायचं सिस्टरनी ठरवलं होतं?"

"तिले काय माईत खिचडी! म्याच म्हटलं. नाईतं कोण धाडते पोरीले?"

शाळा सुरू झाली त्या दिवशी मुली पाटी-पेन्सिल न आणता जर्मनच्या ताटल्या घेऊन आल्या. सिस्टरना काही उमगेना. पण मुलीही जाईनात. शेवटी चुलीवर खिचडी चढली आणि पुढे कित्येक वर्षं चढत राहिली. मराठीतून मराठीत भाषांतर करणारी ही दुभाषी सिस्टरबरोबर दोन वर्षं हिंडली. रौप्यमहोत्सवी अंकात तिचा एका ओळीचाही उल्लेख नाही. माझं पेन इथे जरा जोरात चाललं असेल.

जमुनाबाईंची शाळा सहावीतच सुटली. आई आजारी पडली, घरी धाकटी भावंडं. ते साल मात्र त्यांना नक्की ठाऊक आहे, कारण त्याच साली त्यांचे वडील नागपूरला जाऊन बौद्ध झाले. "म्या सिस्टरले सांगतलं, आमी आता बौद्ध झालो. सिस्टर म्हने, चांगलं झालं, उद्या येळेवर ये." शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी काढला नाही. काढायचा असतो हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या अकोल्याला गेल्या. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. चार वर्षांत तो गेला आणि कडेवर मुलगी घेऊन त्या सिस्टरकडे परत आल्या. ती मुलगी याच शाळेत शिकली आणि नागपूरला परिचारिका होऊन निवृत्तही झाली. जमुनाबाईंचं आयुष्य एवढंच. पण त्यांच्या दृष्टीनं त्याला सुरुवात एकाच वाक्यानं होते, आणि ते वाक्य त्यांनी मला दारात सांगितलं होतं.

प्रवेशद्वारात काळ्या ग्रॅनाइटचा फलक लावायचं समितीनं ठरवलं. त्यावर पहिल्या सतरा विद्यार्थिनींची नावं कोरायची. समितीची अध्यक्ष चारुता माझी विद्यार्थिनी. घरात तीन पिढ्यांची वकिली, स्वतःही वकील. हुशार, प्रेमळ, आणि कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून यादी उतरवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी पहिलं पान उघडलं आणि सतरा नावं दोनदा वाचली. जमुना नव्हती. श्रावण तायडे यांची कुणीच नव्हती. पहिल्या क्रमांकावर स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: मैना ओ. डी.

बापाचं नाव नाही, आडनाव नाही. मैना ओ. डी.

"जमुनामावशी नंतर आल्या असतील, बाई," चारुता म्हणाली. "त्यांना वाटतं पहिली. त्या वयात वाटतं."

"त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत."

"मी खोटं कुठे म्हणतेय? पण ग्रॅनाइटवर वाटण्याचं काय करू मी? रजिस्टरमध्ये असेल तेच कोरायचं. अक्षर इकडचं तिकडे नको."

सतरांपैकी चौघी अजून हयात आहेत. मी चौघींना फोन केले. जमुना सगळ्यांना आठवते. पण पहिल्या दिवशी कोण आलं ते एकीलाही सांगता येईना, कारण चौघीही मागून आलेल्या. मैना मात्र एकीलाही आठवेना. हे मी चारुताला सांगितलं. ती म्हणाली, मुलगी दोन-चार दिवस येऊन गेली असेल, त्या काळी असं व्हायचं. वकिलापुढे बोलणं कठीण.

मग मैनेचा शोध सुरू झाला. चारुतानं माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाहन टाकलं आणि आठवड्यात तीन मैना निघाल्या. मोर्शीच्या मैनाबाई कोणत्याच शाळेत गेल्या नव्हत्या, पण कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळणार असेल तर यायला तयार होत्या. शेंदूरजनाघाटच्या मैनाबाईंचा जन्म १९६८ सालचा निघाला. तिसरी अकोल्याची. ती हयात नव्हती, पण तिचा नातू फार उत्साही. आजीचे वडील ओंकार देशमुख काही वर्षं अमरावतीत होते, आणि आजी कधीकधी फ्रेंचमधलं 'मेर्सी' म्हणायची, असं त्यानं कळवलं.

"ओ. डी.! ओंकार देशमुख!" चारुता फोनवर जवळजवळ ओरडलीच. "बाई, सापडली."

"देशमुख म्हणजे डी, हे कुणी सांगितलं?"

"मग डी म्हणजे काय, तुम्ही सांगा."

फलक पुढच्या शनिवारी कोरायला जाणार होता.

हे जमुनाबाईंच्या कानावर दुसऱ्या कुणी घालण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी गेले. शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"म्हंजे मी नोतीच शाळेत?"

"तसं नाही म्हणत कुणी. रजिस्टरमध्ये नाव सापडत नाही, एवढंच."

"कोणाचं सापडलं?"

"मैना म्हणून आहे कुणी. देशमुखांची असावी असं चारुताला वाटतं."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "बराबर. देशमुखाची पोरगी पयली असली का दगड शोभते. गवंड्याच्या पोरीनं कायले शोभते?"

"चारुताच्या मनात तसं काही नाही हो."

"तिच्या मनात नसन. कागदाच्या मनात असन."

मी म्हटलं, तुमच्याकडे काही जुनं असेल तर द्या. एखादा फोटो, वही, सिस्टरचं पत्र. माझ्या समजूतदार आवाजात मी हे म्हटलं आणि तीच चूक झाली.

"मी काय पुरावा देऊ? चवेचाळीस वर्सं या शाळेच्या पोरींच्या उवा काढल्या, कोणी पुरावा नाई मागतला. आता मागून रायल्या? जा तुमी, बाई. लावा तुमची मैना."

मी निघाले. रस्त्यात मला त्यांचा राग आला, मग चारुताचा, मग त्या मैनेचा, आणि घरी पोचेपर्यंत सिस्टर बेर्नादेत यांचाही. एवढ्या दुरून आलात, सहा वर्षांच्या पोरीला दारोदार हिंडवलंत, आणि एक नाव नीट लिहून ठेवता आलं नाही?

इथे मी थांबले. नीट लिहून ठेवता आलं नाही. पण आमचं रजिस्टर सिस्टरनी लिहिलेलंच नव्हतं. ते बाळबोध अक्षर आमच्या शाळेच्या पहिल्या कारकुनाचं. सरकारी अनुदानासाठी १९६२ साली त्यांनी सगळ्या जुन्या नोंदी मराठीत उतरवून काढल्या होत्या. मग उतरवल्या कशावरून? मी मुख्याध्यापिका सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, संघाचे जुने कागद अकोल्याच्या सिस्टरांच्या घरी गेलेत, पण ते फ्रेंचमध्ये आहेत, तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही. तरी जाऊन या.

जमुनाबाईंना बरोबर न्यायचं मी ठरवलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी बसस्थानकावर पोचले तर त्या तिथे आधीच बसलेल्या. मी कुठे जाणार हे त्यांना कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

"तुम्ही कशाला आलात? प्रवास झेपेल का?"

"मी तुमच्यासंगं नाई जाऊन रायली. मले अकोल्यात काम हाय."

"काय काम?"

"हाय."

बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी घेतली. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत असतो म्हणून. "पाहून नाई रायला का, म्हातारी हाय थे?" तो म्हणाला, आजी, नियम आहे. त्या म्हणाल्या, "आजकाल सगळ्याइले कागदच दिसते, मानूस दिसत नाई," आणि हे त्याला कमी आणि मला जास्त होतं. मूर्तिजापूरपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मूर्तिजापूरला त्यांनी पिशवीतून संत्री काढली, एक माझ्या मांडीवर ठेवलं, आणि पुन्हा बाहेर पाहू लागल्या.

अकोल्याच्या सिस्टरांच्या घरी सिस्टर लीना भेटल्या. वसईच्या, चाळिशीच्या, हसतमुख. दोन वर्षं फ्रान्सला राहून आलेल्या, म्हणून जुन्या कागदांचं कपाट त्यांच्या ताब्यात. आम्हाला बैठकीच्या खोलीत बसवून त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी माझं नाव सांगितलं.

"आणि आजी, आपण?"

"मायं नाव जमना," जमुनाबाई म्हणाल्या आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून संत्रं सोलू लागल्या.

सिस्टर लीनांनी एक जाड वही आणली. कापडी पुठ्ठा, आत निळ्या शाईचं तिरकं, बारीक अक्षर. पहिल्या पानावर वर्ष, खाली क्रमांक एक. मी चष्मा पुसून पाहिलं. एम, ए, मग डोक्यावर दोन टिंबं घेतलेला आय, मग एन, ए, ओ. जरा जागा सोडून डी, जे, ए, एम, एन, ए.

मला पहिल्या चार-पाच अक्षरांत मैना दिसली. ओ होता. डी होता. कारकुनानं काही चूक केली नव्हती. फक्त डीच्या पुढची अक्षरं त्याला लागली नसावीत, म्हणून त्यानं ती सोडून दिली.

"हा डी कशाचा, सिस्टर? देशमुख तर नाही होत याचं."

"नाही, नाही. हा डी आद्याक्षर नाहीच. फ्रेंचमध्ये नुसत्या जेचा उच्चार आपल्या जसारखा होत नाही. आपला ज लिहायचा असेल तर आधी डी लावतात. आणि ही दोन टिंबं म्हणजे आ वेगळा, इ वेगळा. मै नाही वाचायचं. मा-इ." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश, मोठ्यानं वाचलं, "मा-इ-ना-ओ... जम-ना. माइनाव जमना."

"हाव, मायं नाव जमना," खिडकीतून वैतागलेला आवाज आला. "आल्याबराबर तं सांगतलं. किती येळा सांगू?"

सिस्टर लीना माझ्याकडे बघायला लागल्या. त्या वसईच्या, त्यांच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. मला लागायला नको होता. चौतीस वर्षं मी वऱ्हाडातल्या मुलींना 'मायं' खोडून 'माझं' लिहायला लावलं. तीन महिने ती मैना माझ्यासमोर होती आणि मी ती मोर्शीत आणि शेंदूरजनाघाटात शोधत होते.

"सिस्टर, पुढे काय लिहिलंय?"

"वय सहा. वडील गवंडी."

मी वही उचलून जमुनाबाईंच्या पुढ्यात नेली आणि सगळं समजावून सांगितलं. शास्त्रीबुवांच्या मराठीत 'मायं' हा शब्दच नव्हता. सिस्टरनी नाव विचारलं, मुलीनं उत्तर दिलं, आणि ते अख्खं उत्तर नाव समजून सिस्टरनी लिहून घेतलं. जमुनाबाईंनी हात पदराला पुसले. त्या शाईच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"मी एवडंच बोलली होती," त्या म्हणाल्या. "मंग रडाले लागली. बाप भिंतीकडे निंगून गेला म्हनून."

सिस्टर लीनांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण जमुनाबाईंना कुणी आपली कीव केलेली आवडत नाही.

"नंतर तं मले जमनाच म्हने थे. मंग कावून नाई सुधारलं बुकात? येवडी शिकलेली बाई!"

सिस्टर लीनांनी पानं उलटून पाहिली. साऱ्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. एकदा लिहिलं ते लिहिलं, अशी शिस्त. "आळशी होती," जमुनाबाईंनी निकाल दिला. सिस्टर बेर्नादेत यांच्याबद्दल त्यांच्या तोंडून वाकडा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

मी पानांचे फोटो घेतले आणि तिथूनच चारुताला फोन लावला. तिला सगळं सांगितलं.

"बाई, हे खरंच आहे. कळतंय मला. पण आपल्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. शनिवारपर्यंत कुठली मिळते?"

"रजिस्टरला हात लावू नकोस. तू म्हणाली होतीस, नोंदीत असेल तेच कोरायचं. अक्षर इकडचं तिकडे नको."

"हो, पण ते मराठी रजिस्टर."

"ती नक्कल आहे. मूळ कागद आणि नक्कल जुळत नसेल तर तुमच्या कोर्टात काय धरतात?"

"म्हणजे पहिल्या ओळीत 'मायं नाव जमना' कोरायचं? ग्रॅनाइटवर?"

"अक्षर इकडचं तिकडे नको."

"लोक हसतील, बाई."

माझा फोन मोठ्यानं बोलतो. जमुनाबाईंनी पलीकडून उत्तर दिलं, "हसू दे. मी बोलली तेच लिवलं हाय ना? मंग तेच लिवा."

चारुता हसली. मग म्हणाली, "मावशी, माझं चुकलं." जमुनाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला विचारलं, परतीची बस किती वाजता आहे. अकोल्यातलं काम काय होतं, ते मीही विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी कोरायच्या मजकुराचा छापील कागद घेऊन चारुता स्वतः फ्रेजरपुऱ्यात आली. मीही होते. कोरणारे ओमप्रकाश कारागीर बाहेर टेम्पोत बसून होते. कागदावर जमुनाबाईंनी हो म्हटलं की ते निघणार. अकोल्याच्या देशमुखांना चारुतानं काय कळवलं ते मी विचारलं नाही.

पहिली ओळ जमुनाबाईंनी बोट ठेवून वाचली. मायं नाव जमना. पुढे चारुतानं आपणहून श्रावण तायडे जोडलं होतं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. मी पाण्याचा पेला उचलला. पण बोट खाली सरकलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ. चौथीवर थांबलं.

"ही विमल कोण?"

"पहिल्या सतरांतली असेल ना, मावशी," चारुता म्हणाली. "रजिस्टरमध्ये आहे."

"विमल नोतीच. चवथी तुळसा होती. बुधाजीची तुळसा. माया बाजूले बसे."

मी डोळे मिटून घेतले. मग फोन काढला आणि अकोल्याच्या पानाचा फोटो मोठा केला. चौथी ओळ. बी, ओ, एल, एन, ए, मग व्ही, ए, एम, ए, दोन टिंबांचा आय. कारकुनाला त्यातून विमल निघाली होती. आता मी टिंबांसकट वाचलं. "बोल-ना-व-मा-इ."

जमुनाबाई आधी नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. इतकं की पदर तोंडाशी धरावा लागला.

"थे तं तिची माय म्हने! सिस्टर नाव इचारून रायली, पोरगी लाजून रायली, तं माय म्हने, बोल ना व माय! अन् लिवून घेतलं तिनं!"

चारुतानं कपाळाला हात लावला. बाहेरून ओमप्रकाशांनी हॉर्न वाजवला. फलकाचं अनावरण मंगळवारी होतं, पाहुण्यांना पत्रं गेली होती, आणि सतरांतल्या तेरा ओळी अजून शिल्लक होत्या.

"त्यांना सांगू का, उद्या या म्हणून?" मी विचारलं.

"परवा म्हणा," चारुता म्हणाली. तिनं पर्समधून पेन काढलं, विमलवर रेघ मारली आणि जमिनीवर मांडी घातली. "मावशी, पाचवी?"

"सांगतो," जमुनाबाई म्हणाल्या. "घाई नोको करू. पयले बाईले च्या करू दे."

मी उठून चहा ठेवला.